पाण्याची वाट दप्तरात घ्या
कोकणातल्या सरपंचांना खुले पत्र

सरपंच महोदय, सरपंचताई,


मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत राहते. ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता निवृत्त आहे. आमच्या गावच्या सरपंचांशी मी या विषयावर समोर बसून बोलले आहे, तेव्हा हे पत्र त्यांच्यावर रागावून लिहिलेलं नाही. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गात जिथे जिथे घरं डोंगराच्या कुशीत पायऱ्यांसारखी एकाखाली एक बसली आहेत, तिथल्या तुम्हा सगळ्यांना ते आहे. मागणी एकच आहे. घरांच्या भोवतीनं आणि घरांच्या खालून पाणी कुठून कुठे जातं, हे बघणं ग्रामपंचायतीनं आपलं काम मानावं. ती वाट लिहून ठेवावी, आणि तिची चौकशी केल्याशिवाय गावात एकही पाखाडी, कंपाउंड किंवा घर होऊ देऊ नये.

२०२२ च्या जुलैतली गोष्ट. पुनर्वसू लागलं होतं, पाऊस चार दिवस हटला नव्हता. रात्री अडीचच्या सुमारास मी पाणी प्यायला उठले आणि माजघरात पाय टाकला तो थेट पाण्यात. आधी वाटलं, हंडा कलंडला. दिवा लावला तर हंडा जागेवर. कौलं गळत असतील म्हणून वर पाहिलं, वासे कोरडे. मग गुडघ्यावर बसून जमिनीकडे नीट पाहिलं. दोन लाद्यांच्या सांध्यातून, सुईच्या टोकाएवढ्या जागेतून, पाणी वर येत होतं. गढूळ नव्हे, विहिरीसारखं नितळ आणि गार. एक थेंब फुगायचा, फुटायचा आणि सांध्यावरून पुढे सरकायचा, की मागे दुसरा तयार. जुनेर टाकून पुसलं, पिळलं, परत पुसलं. पहाटेपर्यंत सहा बादल्या बाहेर ओतल्या. सासूबाई कॉटवर उठून बसल्या होत्या. बराच वेळ त्यांनी माझी धडपड पाहिली आणि म्हणाल्या, "उपळ फुटलाय. पुसत बसू नको, त्याला वाट कर."

या घरात त्या साठ वर्षं नांदल्या. उपळ त्यांना नवा नव्हता. शेतात तो दरवर्षी फुटतो, परसात विहिरीच्या कठड्याशी फुटतो, पऱ्याच्या काठाला फुटतो. माजघरात मात्र त्यांनी तो कधी पाहिला नव्हता. पुढचा महिना दीड महिना घराची दशा झाली. भिंतीचा रंग फुगला, खालून वीतभर लोणा लागला, तांदळाची कणगी ओटीवर हलवावी लागली. गणपती दरवर्षी ज्या भिंतीशी बसतात तिला हात लावला की तळव्याला पांढरी भुकटी लागायची. मुंबईहून आलेल्या दिरांनी आतून वॉटरप्रूफिंगचा थर देऊन घेतला. त्यानं लादीतलं पाणी थांबलं आणि भिंतीतलं दुप्पट झालं. खालून रेटणाऱ्या पाण्याला वरून झाकण घातलं की ते दुसरीकडून वाट काढतं, हे तेव्हा आम्हाला उमगलं.

आपल्या डोंगरांची घडण जरा आठवून पाहा. वर सडा, म्हणजे जांभ्याचा कातळ. लांबून तो एकसंध तव्यासारखा दिसतो, पण चिरा हातात घेतला की त्याला भोकंच भोकं. सड्यावर पडलेलं पाणी त्या भोकांतून आणि कातळाच्या भेगांतून खाली उतरत जातं. जांभ्याच्या तळाशी शाडूसारखी चिकण माती असते. तिथे पाणी अडतं आणि आडवं चालू लागतं. डोंगराचा उतार जिथे त्या थराला कापतो तिथे ते झरा होऊन बाहेर पडतं. आपल्या कितीतरी वाड्या नेमक्या त्याच उंचीवर बसलेल्या आहेत, कारण पूर्वजांनी पाणी पाहूनच घरं बांधली. ज्या पाण्यासाठी वाडी वसली तेच पाणी आपल्या जोत्यांच्या आसपासून जात असतं. हे आधीच्या माणसांना ठाऊक होतं, म्हणून घरं पाण्याला बाजू देऊन उभी होती.

मग ते २०२२ सालीच घरात का आलं? याचा शोध आमच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या गवंड्यांनी लावला. पुढच्या जोराच्या सरीत ते डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन आले, हातात भाताच्या तुसाची पिशवी. म्हणाले, चला वर. पाखाडीच्या माथ्यावर उभं राहून त्यांनी वाहत्या पाण्यात मूठभर तूस टाकलं आणि आम्ही दोघं त्याच्या मागोमाग खाली चालत आलो.

तूस पाखाडीच्या मधोमध वाहत आलं. पहिल्या वळणाशी पूर्वी एक आडवा दगड होता, पाण्याला पऱ्याकडे ढकलणारा. तिथे तूस वळायला हवं होतं, ते सरळ खाली आलं. दुसऱ्या वळणाशी तेच. आमच्या वरच्या अंगाला एक घर आहे, मुंबईकरांचं, वर्षातले दहा-अकरा महिने बंद. तूस त्यांच्या बेड्यातून आत शिरलं, अंगणात गोल फिरलं आणि सिमेंटच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात जाऊन थबकलं. तिथे घोटाभर पाणी साचलेलं होतं. आम्ही दहा मिनिटं उभे राहिलो. वरून धार पडतच होती, पण डबकं काही भरून वाहत नव्हतं. गवंडी म्हणाले, "बाई, एवढं पाणी जातंय कुठे, तेवढं सांगा." त्या कोपऱ्यातून खाली पाहिलं तर वीस पावलांवर आमच्या माजघराची कौलं.

चूक एकट्या कोणाची नव्हती, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचं आहे. ती सगळ्यांची थोडी थोडी होती आणि बघणारं कोणीच नव्हतं. आमची जुनी पाखाडी दगडाच्या पायऱ्यांची होती. पायऱ्यांमध्ये मातीच्या फटी, डोंगराच्या अंगाला वीतभर रुंद नाली. पाणी पायऱ्यांवरून उड्या मारत यायचं, फटींत मुरायचं, उरलेलं प्रत्येक वळणावर बाजूला जायचं. ती काढून आठ फुटी काँक्रीटची पाखाडी झाली. मी तिच्या विरोधात नव्हते आणि आजही नाही. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं तर पूर्वी चार जणांनी खुर्ची उचलावी लागायची, आता रिक्षा दारात येते. पण काँक्रीट ओतताना नाली बुजली, आडवे दगड निघाले आणि पृष्ठभागाचा उतार घरांच्या बाजूला राहिला. पावसाळ्यात ती पाखाडी म्हणजे आठ फूट रुंदीचं गटारच होतं, आणि त्याचं तोंड आमच्या वाडीकडे.

वरच्या घराला पूर्वी गडगा होता. गडगा म्हणजे बिनमातीचा, बिनचुन्याचा, दगडावर दगड रचलेला. गुरांना तो अडवतो, पाण्याला नाही. गाळणीसारखं पाणी त्यातून पसरत झिरपत जातं. मुंबईकरांनी हौसेनं त्या जागी पक्कं कंपाउंड घातलं. काम मे महिन्यात झालं, बाहेरगावच्या ठेकेदारानं केलं. मे महिन्यात कोकणात आलेल्या माणसाला पाण्याची वाट कशी दिसणार? त्याला कोरडी लाल माती दिसली. त्यानं तळाला एकही मोरी ठेवली नाही. नळयोजनेचा पाइप टाकायला खणलेला चर मऊ मातीनं बुजवला होता. ती भुसभुशीत माती पाण्याला आयती वाट झाली आणि जमिनीच्या आतून ते थेट आमच्या नळाच्या खांबापर्यंत आलं.

आणि आम्ही. २००९ साली न्हाणीघर वाढवताना आम्ही मागची दरड पाच फूट आत कापली. परसात दरडीच्या पायथ्याशी एक नाली होती, ती फरशी टाकून झाकली, कपडे धुवायला जागा हवी म्हणून. ती नाली दरवर्षी आगोटीच्या वेळी, मृगाच्या आधी, सासरे स्वतः कुदळीनं साफ करायचे. ते गेल्यावर ती साफ झाली नाही, आणि फरशीखाली ती आहे हेही आम्ही विसरलो.

जुनं घर मी आता वेगळ्या नजरेनं पाहते. जोतं कमरेइतकं उंच. राष्ट्रीय बांधकाम संहिता भोवतालच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटीमीटर जोतं सांगते. आमच्या सासऱ्यांच्या आजोबांनी त्याच्या दुप्पट घेतलं होतं, कारण त्यांना पाऊस माहीत होता. कौलारू छप्पर भिंतीच्या दोन हात पुढे, म्हणजे पागोळ्या पायापासून दूर पडणार. पागोळ्यांच्या रेषेत खाली चिऱ्यांची ओळ, म्हणजे माती उखडणार नाही. अंगणाला डोळ्याला दिसणार नाही असा, पण पाण्याला कळेल असा उतार. आम्ही लेकीसुनांनी सणाला रांगोळी घातली की तिच्यावरून ओघळलेलं पाणी कुठल्या बाजूला जातं हे शंभर वेळा पाहिलं होतं. तो उतार कोणीतरी मेहनतीनं दिलेला आहे, हे मनात आलं नव्हतं. आता अंगणात पेव्हर ब्लॉक घालताना कारागीर ते सपाट करून देतो आणि सपाट म्हणजे चांगलं असं आपल्याला वाटतं.

पाणी किती असतं याचा आकडा शाळेतल्या मुलांना मी फळ्यावर करून दाखवत असे, तो इथे देते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आमचं छप्पर १,२०० चौरस फुटांचं, म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटर पाऊस ही सामान्य गोष्ट आहे. गुणाकार करा. एका घराच्या नुसत्या छपरावरून पावसाळ्यात सव्वातीन लाख लिटरहून जास्त पाणी उतरतं. १०,००० लिटरचे ३३ टँकर. ज्या दिवशी २०० मिलिमीटर पडतो त्या एका दिवसात २२,००० लिटर. वाडीत चाळीस घरं असली तर हे चाळीस वेळा, त्यात अंगणं, पाखाड्या, मागचा डोंगर धरलेलाच नाही. एवढ्या पाण्याची वाट प्रत्येकानं आपल्या अकलेनं काढावी आणि पंचायतीला त्याची खबर नसावी, हे मला पटत नाही.

आम्ही काय केलं ते थोडं खुलाशानं लिहिते, कारण तुमच्याकडे येणाऱ्या लोकांना ते उपयोगी पडेल. पावसाळा सरल्यावर, माती ओली असतानाच, गवंड्यांनी दरडीच्या पायथ्याशी घराच्या भिंतीपासून चार फूट सोडून ४० फूट लांब आणि दीड फूट रुंद चर मारला. चराचा तळ माजघराच्या लादीपेक्षा दीड फूट खाली, पण पायाच्या तळापेक्षा वर. पायाच्या खाली खणलं तर भिंत चराकडे कलेल, असं त्यांनी आधीच बजावलं. पाणसळ लावून शंभराला एक असा उतार काढला, म्हणजे ४० फुटांत जवळजवळ पाच इंच. तळाला आणि बाजूंना फिल्टरचं कापड अंथरलं, त्यावर खडी, त्यावर चार इंची पाइप, भोकं खालच्या बाजूला. भोकं वर ठेवायची असं मला वाटत होतं. गवंड्यांनी समजावलं की हे पाणी वरून पडत नाही, खालून चढतं. ते पाइपाच्या बुडाशी पोचलं की लगेच आत शिरायला हवं. वर परत खडी, कापडाची घडी, मग माती. कापड वाचवून पैसे वाचवू नका. आपली चिकण माती खडीच्या फटी दोन पावसाळ्यांत भरून टाकते आणि चर मेला तरी वरून कळत नाही.

पुण्यात इंजिनिअर असलेल्या भाच्यानं सांगितलं की याला फ्रेंच ड्रेन म्हणतात. मला वाटलं फ्रान्सवरून आलं असेल. ते नाव हेन्री फ्लॅग फ्रेंच नावाच्या अमेरिकन माणसावरून पडलं. तो मॅसॅच्युसेट्समधला न्यायाधीश होता आणि शेतातलं पाणी काढण्यावर त्यानं १८५९ साली पुस्तक लिहिलं. आपल्या आगरांतही पाणथळ कोपऱ्यात दगडगोट्यांचा चर भरायचे हे मी लहानपणी माहेरी पाहिलं आहे. नाव काहीही असो, कोकणातल्या गवंड्याला हे काम अवघड नाही. त्याला ते करायला सांगणारं कोणीतरी हवं.

छपराचं पाणी मात्र या पाइपात सोडलं नाही. त्याला वेगळी पन्हळ, वेगळी वाट. जमिनीखालचा पाइप सावकाश झिरपणाऱ्या पाण्यासाठी असतो. त्यात पागोळ्यांचा लोंढा घातला तर पाइप भरून उलट घराखालीच पाणी सोडेल. शौचालयाच्या शोषखड्ड्याचंही तसंच. पावसाचं पाणी त्यात जाऊ दिलं तर तो ऐन आषाढात तुंबतो, आणि जांभ्याच्या भेगांतून ती घाण शेजारच्या विहिरीपर्यंत जायला वेळ लागत नाही.

पाइपाचं तोंड पऱ्याच्या काठाला, मला रोज स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असं काढलं, वर जाळी, नाहीतर खेकडे आत घर करतात. २०२३ च्या पावसाळ्यात त्या तोंडातून मनगटाएवढी धार पडत होती. पाऊस गेल्यावरही ती दिवाळीपर्यंत थेंबथेंब चालू होती. एवढं पाणी आधीच्या वर्षी आमच्या माजघराखाली थांबलेलं होतं. २०२३ साली लादी एकदाच, सलग पावसाच्या चौथ्या दिवशी, एका कोपऱ्यात ओलसर झाली. सासूबाईंनी तिथे पाट ठेवला आणि त्यावर बसून शेंगा सोलल्या.

सरपंच, इथपर्यंत माझी गोष्ट माझ्या घरापुरती होती. पण चर काढताना एक प्रश्न उभा राहिला आणि तो मला एकटीला सोडवता येईना. ते तोंड कुठे काढायचं? सोयीची जागा आमच्या खालच्या घराच्या मागे होती. तिथे सोडलं असतं तर माझं पाणी मी दुसऱ्या बाईच्या माजघरात पाठवलं असतं. पऱ्यापर्यंत न्यायचं तर दोन भाऊबंदांच्या जमिनीतून पाइप जाणार. त्यांच्यापैकी एकाशी आमच्या घराचं वीस वर्षं बोलणं नव्हतं. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले, म्हणून काम झालं. सगळ्यांच्या घरात असं जमेल असं नाही. डोंगरावरचं पाणी प्रत्येक घरानं फक्त पुढच्या घराकडे ढकललं तर सगळ्यांत खालच्या घराचं काय? आणि सगळ्यांत खाली सहसा गावातली सगळ्यांत गरीब वस्ती असते.

कायदा याबाबत मुका नाही. १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा सांगतो की वरच्या जमिनीवर पडलेलं किंवा उगवलेलं पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीवर वाहत येत असेल, तर खालच्या मालकानं ते येऊ दिलं पाहिजे. पण याचा अर्थ वरच्यानं छपराचं पाणी पन्हळीत गोळा करून एका धारेनं खालच्याच्या भिंतीवर सोडावं असा नाही. ते नैसर्गिक वाहणं नव्हे. १९०६ चा मामलेदार कोर्टाचा कायदाही आहे. शेतजमिनीवरच्या पाण्याचा नैसर्गिक ओघ कोणी बेकायदा अडवला आणि त्यानं नुकसान होत असेल, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. तो अडथळा काढायचा हुकूम ते देऊ शकतात. हा कायदा शेती, चराई, झाडं, पिकं यांच्या जमिनीसाठी लिहिलेला आहे. माजघरात उपळ फुटलेल्या बाईनं दिवाणी कोर्टाची पायरी चढायची का? ती चढणार नाही, आणि चढू नये असंच मला वाटतं. कोर्टात गेलेलं पाणी दहा वर्षं भांडण वाहतं. ज्या गोष्टी गावात चालत जाऊन बघता येतात, त्या गावातच मिटाव्यात. त्यासाठी गावाकडे मुळात नोंद पाहिजे.

आपल्या गावनकाशांवर मोठे नाले आणि पऱ्ये दिसतात. दोन घरांमधून, गडग्याच्या कडेनं, पाखाडीला छेद देऊन जाणाऱ्या बारीक वाटा कुठेच नाहीत. स्वामित्व योजनेत ड्रोन उडवून गावठाणं मोजली गेली, मिळकत पत्रिका निघाल्या. त्यात घर आहे, हद्द आहे. पाणी नाही. ड्रोनला पाणी दिसत नाही, कारण तो कोरड्या दिवशी उडतो. ते दिसतं वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना. विहिरीवर, परसात, चुलीपाशी, ओल्या लाकडांपाशी त्यांनी पन्नास-साठ पावसाळे काढलेले असतात. कुठल्या वर्षी कुठे उपळ फुटला, कुठली नाली कोणी बुजवली, कुठला झरा बंद झाला हे त्या न अडखळता सांगतात. त्यांना कोणी विचारत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की १ मेच्या ग्रामसभेत पाण्याच्या वाटांचा विषय घ्या. महाराष्ट्र दिनाची सभा आगोटीच्या तोंडावरच येते, त्याहून चांगला मुहूर्त नाही. मग पुनर्वसू-पुष्यात, पाऊस पक्का लागल्यावर, एक दिवस ग्रामपंचायत अधिकारी, एक गवंडी आणि प्रत्येक वाडीतली एकेक जुनी बाई यांना बरोबर घेऊन गाव पायी फिरा. छत्र्या मोडतील, मोडू द्या. तुसाची पिशवी बरोबर ठेवा. जिथे पाणी जमिनीत शिरतं आणि जिथे ते बाहेर येतं, त्या दोन्ही जागा कागदावर खुणा करून ठेवा. कागद शाळेच्या वहीचा असला तरी चालेल, मुलांकडून काढून घ्या, माझ्या विद्यार्थ्यांनी आमच्या वाडीचा काढलाच आहे.

पाखाडीचं किंवा रस्त्याचं अंदाजपत्रक मंजूर करताना त्यात बाजूची नाली आणि ठरावीक अंतरावर आडवा चर आहे का ते पाहा. नसेल तर सही करू नका. आमच्या पाखाडीला नंतर दोन ठिकाणी नऊ इंची आडवा चर कापून लोखंडी जाळी बसवली. एवढ्याच कामानं वरच्या वळणावरचं पाणी पुन्हा पऱ्याकडे गेलं. आधीच केलं असतं तर काँक्रीट कापायची वेळ आली नसती. घराची परवानगी देताना अर्जदाराला एक प्रश्न विचारा. तुमच्या छपराचं पाणी शेवटी कुठे जाणार? "बाहेर" हे उत्तर धरू नका. कंपाउंडला तळाशी मोऱ्या असल्याशिवाय कंपाउंड नको. जुना गडगा टिकवणाऱ्याला मी तर शाबासकी देईन.

बंद घरांचा प्रश्न तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. माणसं मुंबई-ठाण्यात, घराला कुलूप, परसातली नाली पाल्यापाचोळ्यानं भरलेली, आणि त्रास खालच्याला. त्यांना दोष देऊन भागणार नाही, पोटासाठी गेलेली आपलीच माणसं आहेत. पण प्रत्येक वाडीचं मुंबई मंडळ आहे, मंडळाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. तिथून प्रत्येक बंद घराच्या मालकाची एक लेखी संमती घ्या, की मे महिन्यात पंचायतीनं किंवा शेजाऱ्यांनी आमच्या आवारातली नाली साफ केली तर हरकत नाही, खर्च आम्ही देऊ. देव उठवायला, पालखीला, गणपतीला जी माणसं न चुकता पैसे पाठवतात ती याला नाही म्हणणार नाहीत.

आणि दरडी. २५-२६ जुलै २००५ ला महाड तालुक्यात दासगाव आणि आसपासच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला त्याच तालुक्यातली तळिये आणि खेड तालुक्यातली पोसरे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. एवढ्या मोठ्या दरडी घरामागच्या एका नालीनं थांबल्या असत्या असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं त्या माणसांवर अन्याय होईल. पण मुरलेलं पाणी मातीचं वजन वाढवतं आणि तिची पकड सोडवतं, हे सगळ्या दरडींना सारखंच लागू आहे, मग ती डोंगराची असो की परसातली दहा फुटांची. झरा अचानक गढूळ झाला, वर्षानुवर्षांचा झरा एकाएकी बंद पडला, नव्या जागी पाणी फुटलं, झाडं तिरकी व्हायला लागली, परसात जमिनीला लांब भेग पडली, या गोष्टी वाडीतल्या माणसांना सगळ्यांत आधी दिसतात. ज्या गावाच्या वहीत झरे लिहिलेले असतील त्या गावालाच कळेल की नवा कोणता आणि आटला कोणता. इतर गावांत ते कोणाच्या तरी मनात राहतं आणि त्या माणसाबरोबर जातं.

सासूबाई गेल्या माघात गेल्या. शेवटच्या दिवसांत त्यांनी मला आणि गवंड्यांना पुढे बसवून वाडीतल्या अकरा जागा सांगितल्या, पूर्वी नाल्या होत्या आणि आता नाहीत अशा. त्यातल्या चार आम्ही तुसानं पडताळून पाहिल्या, चारही बरोबर निघाल्या. वरच्या बंद घराच्या मालकांनी मुंबईहून चिठ्ठी पाठवली आहे, कंपाउंडच्या तळाला तीन मोऱ्या पाडायला त्यांची हरकत नाही. ती चिठ्ठी, मुलांनी काढलेला वाडीचा नकाशा आणि त्या अकरा जागांची यादी मी आमच्या ग्रामपंचायतीत नेऊन दिली. तिथल्या मुलानं ती आदरानं घेतली, दोनदा वाचली, आणि विचारलं, "बाई, ही कुठल्या रजिस्टरला लावू?" तसं रजिस्टर नव्हतं. कागद सध्या टेबलाच्या काचेखाली आहेत. तुमच्या गावात ते रजिस्टर यंदा उघडा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
तालुका संगमेश्वर, जिल्हा रत्नागिरी